एकाच हातातला हब

भूपालअण्णा मगदूम सायकलवरून पडले ते वेगानं जाताना नव्हे. उभ्याउभ्याच पडले. नांदणवाडीच्या चौकात डावीकडं जैन बस्तीत दर्शनाला जावं, की उजवीकडं दस्तगीर मिस्त्रीच्या दुकानात जाऊन बसावं, हे त्यांचं ठरेना. विचारापायी सायकल थांबली, पाय काही खाली आला नाही, आणि अण्णा सायकलीसकट आडवे झाले. मनगट मोडलं.

गावाला याचं नवल वाटलं नाही. अण्णांचं आयुष्यच असं गेलं होतं. दूध संस्थेत टेस्टर म्हणून तीस वर्षं काढली, पण दाढी ठेवायची का काढायची हे त्यांचं अजून नक्की झालं नव्हतं. त्यामुळं ती कायम चार दिवसांची असायची. लग्नसुद्धा पद्मावैनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनंच, ठरवलं होतं. पाहायला आलेल्या भूपालना "पसंत आहे का?" असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "तसं बघायला गेलं तर..." आणि पद्मावैनी आतून म्हणाल्या होत्या, "आहे म्हणून सांगा."

प्लास्टर निघालं त्या दिवशी पद्मावैनींनी हुकूम काढला, "तोलाचं चाक बसवल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. माझी निवडणूक तोंडावर आलीय. तुम्हाला दवाखान्यात न्यायला मला वेळ नाही."

निवडणूक दूध संस्थेची होती. अध्यक्षपद यंदा बायकांसाठी राखीव होतं. एकीकडं पद्मावैनी, दुसरीकडं शोभाताई घोरपडे. शोभाताईंच्या नावानं त्यांचे यजमान विश्वासरावच उभे होते, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पद्मावैनींच्या बाजूला मात्र दारोदार फिरणाऱ्या चाळीस बायका होत्या आणि एकच घोषणा होती, ‘चोख दूध, चोख दर’.

आता तोलाचं चाक म्हणजे काय, तेवढं सांगून टाकतो.

पेट्रोलच्या गाड्या वरातीपुरत्या उरल्या आणि म्हातारी माणसं पुन्हा सायकलवर आली. आली तशी पडायला लागली. मग कंपन्यांनी पुढच्या चाकाच्या मधोमध जो गट्टू असतो, ज्याला हब म्हणतात, त्याच्यात दोन जड भिंगऱ्या बसवल्या. भोवरा फिरत असेपर्यंत पडत नाही, तेच हे. भिंगऱ्या गरगर फिरतात आणि सायकल उभी राहते. माणूस बसलेला असो वा नसो. सोबत छोटी मोटर, म्हणजे चढाला दम लागत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की म्हातारी माणसं वळताना पडत नाहीत, वळायचं का नाही याच्या घोळात पडतात. तेव्हा त्यांनी हबला शिकवलं. मालक कुठं जातो, कुठल्या वारी जातो, मागं किती वजन असतं, हे सगळं हब महिनाभर बघतो आणि पाठ करतो. मग चौकात मालकाचा हात पाऊण सेकंद जरी डळमळला, तरी हब नेहमीच्या वाटेला चाक वळवतो. ठाम हातानं हँडल धरणाऱ्याला तो कधीच आडवा येत नाही. ज्याचं ठरत नाही, त्याचंच तो ठरवतो.

म्हणजे अण्णांसाठीच बनवल्यासारखा.

नवा हब अण्णांना महाग वाटला, म्हणून ते मोबाइलवर जुन्या मालाच्या बाजारात शिरले. तिथं एक जाहिरात दिसली : ‘तोल हब. एकाच हातातला. निवृत्त प्राध्यापकांनी फक्त देवदर्शनासाठी वापरलेला.’ अण्णांचा जीव तिथंच विरघळला. तरी बारा दिवस ते विक्रेत्याला प्रश्न विचारत राहिले.

‘पाण्यात भिजलेला आहे का?’

‘नाही सर.’

‘मग कोरडाच आहे ना?’

‘हो सर.’

‘प्राध्यापक कुठल्या विषयाचे?’

‘हो सर.’

इथं दुसरा माणूस असता तर सावध झाला असता. पलीकडं माणूस नसून उत्तरं देणारा प्रोग्रॅम आहे हे पोराटोरांना कळतं. अण्णांना मात्र माणूस सालस वाटला. तेराव्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘हा माल आणखी तिघे बघत आहेत.’ घ्यावं का न घ्यावं म्हणून अण्णांचा अंगठा बटणावर अधांतरी थरथरला, आणि तेवढ्या थरथरीनं सौदा झाला.

चौथ्या दिवशी भिवंडीहून ड्रोन आलं आणि पद्मावैनींनी वाळत घातलेल्या सांडग्यांवर खोकं टाकून निघून गेलं.

दस्तगीर मिस्त्रीनं हब हातात फिरवून पाहिला. "अण्णा, ह्याच्यावर नवा स्टिकर हाय. खालचा नंबर झाकलाय. जुन्या मालाला नवा सदरा कोण घालतं माहितीय का?"

"प्राध्यापक टापटिपीचे असतील."

"पुसून घेऊ का आतलं सगळं? दोन दिवस लागतील."

अण्णा विचारात पडले. पुसावं तर दोन दिवस सायकल नाही, न पुसावं तर... "राहू दे," असं ते शेवटी म्हणाले. देवदर्शनाच्या सवयी पुसून पाप कशाला घ्या!

बुधवारी सकाळी अकराला अण्णा बस्तीकडं निघाले. चौकात सवयीनं मन अडखळलं. हबनं चाक उजवीकडं घेतलं. अण्णांना वाटलं, प्राध्यापक वेगळ्या देवळात जात असतील. पुढच्या फाट्यावर उतरावं का बसून राहावं याचा विचार चालला होता, तोवर सायकल हायवे ओलांडून एका पत्र्याच्या शेडपुढं जाऊन ऐटीत उभी राहिली. पाटीवर लिहिलं होतं : ‘मटण खानावळ. बुधवार स्पेशल : तांबडा-पांढरा.’

जन्मात कांदा-लसणाला न शिवलेले भूपालअण्णा मगदूम रश्श्याच्या वाफेत उभे राहिले. खानावळवाला फडक्याला हात पुसत बाहेर आला. "या की अण्णा! नवीन चेहरा! बाहेर का थांबलाय, लाजायचं काय त्यात?" तेवढ्यात आत जेवणारी गावातली दोन माणसं वळून बघायला लागली. त्यातल्या एकानं हाडूक ताटात ठेवून हात जोडले.

हे एकवेळ खपलं असतं. शुक्रवारी मात्र सायकल अण्णांना घेऊन थेट घोरपड्यांच्या फाटकातून आत शिरली. एरवी अंगावर धावणारं कुत्रं हबचा आवाज ऐकून शेपूट हलवत आलं. पडवीत विश्वासराव पेपर वाचत होते. निवडणुकीला नऊ दिवस असताना विरोधी उमेदवाराचा नवरा न बोलावता अंगणात आलेला बघून त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"भूपालअण्णा! अहो, या या! मला वाटलंच होतं. माणूस आतून आमचाच!"

"नाही, मी सहज... म्हणजे ही सायकल..."

"काही बोलू नका. चहा घ्या. शोभा, फोटो काढ गं!"

फोटोत विश्वासरावांचा हात अण्णांच्या खांद्यावर होता, आणि अण्णांचा चेहरा नेहमीप्रमाणं ‘तसं बघायला गेलं तर’ असा होता. अर्ध्या तासात फोटो गावच्या ग्रुपवर झळकला : ‘मगदुमांच्या घरातूनच आम्हाला पाठिंबा!’

"मटण खाल्लंत ते एक," पद्मावैनी म्हणाल्या.

"खाल्लं नाही गं, नुसता उभा होतो."

"आणि आता घोरपड्यांचा चहा! अहो, चाळीस बायका माझ्यामागं उन्हातान्हात फिरतात. त्यांना मी काय सांगू? नवरा सायकलच्या नादानं पक्ष बदलतोय म्हणून?"

"सायकलच नेते. तुझी शपथ."

"तुम्हाला कोणीही नेतं. तोच तर त्रास आहे."

खरा घोळ झाला सोमवारी पहाटे. पद्मावैनी प्रचाराला बाहेर पडल्या होत्या, म्हणून म्हशीचं दूध संस्थेत घालायचं काम अण्णांकडं आलं. त्यांनी दोन किटल्या मागं लावल्या. किटलीतलं दूध डचमळतं, त्याचा एक हेलकावा असतो. पाण्याच्या घागरीचा वेगळा, गवताच्या भाऱ्याचा वेगळा. तोल सावरणाऱ्या हबला तो हेलकावा बरोब्बर ओळखू येतो. तो ओळखल्यावर त्यानं अण्णांच्या सैल हाताची वाटसुद्धा पाहिली नाही. संस्थेच्या अलीकडच्या फाट्यावर चाक वळलं आणि जुन्या शाळेच्या मागं बोअरच्या तोटीपाशी सायकल थांबली. पुढं हलेना. अण्णा वर बसलेले, पाय अधांतरी, मागं दुधाच्या किटल्या, समोर तोटी. अशी बरोबर चार मिनिटं गेली. मग सायकल आपली आपण संस्थेकडं निघाली.

चार मिनिटांत पाणी भरायला आलेल्या तीन बायकांनी हे दृश्य डोळे भरून पाहिलं. दुपारी गावात एकच चर्चा होती, ‘चोख दूधवालीचा नवरा किटल्या घेऊन तोटीवर!’ संध्याकाळपर्यंत चाळिसातल्या सोळा बायका पद्मावैनींच्या प्रचाराला यायच्या बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा दस्तगीरच्या दुकानात गेले आणि पहिल्यांदाच फार विचार न करता म्हणाले, "ह्याच्या पोटात काय आहे ते काढ."

दस्तगीरनं स्टिकर खरवडला, हबला वायर जोडली. पडद्यावर आकडे धावायला लागले.

"अण्णा, तुमचा प्राध्यापक नांदणवाडीतच राहतो."

"काय?"

"चौदा महिन्यांच्या वाटा हायत ह्यात. रोज पहाटे घोरपड्यांच्या वाड्यातनं निघतोय. बुधवारी मटण. आणि हा नंबर कुठं वाचलाय सांगा बघू?"

तो नंबर सगळ्या गावानं वाचला होता. एसटी स्टँडवर विश्वासरावांचा वीस फुटी बोर्ड लागला होता : ‘विरोधकांनी आमच्या सायकलचा हब चोरला! या नंबरचा हब शोधून देणाऱ्यास बक्षीस. रडीचा डाव खेळणाऱ्यांना धडा शिकवा!’ चोर कुणी भुरटा होता. हब घोरपड्यांच्या अंगणातून निघाला, भिवंडीला जाऊन सदरा बदलून आला आणि तीन गल्ल्या पलीकडं मगदुमांच्या सायकलला लागला.

"म्हणजे मी चोरीचा माल घेतला," अण्णा म्हणाले. त्यांनी विक्रेत्याला लिहिलं, ‘हा हब चोरीचा आहे!’ लगेच उत्तर आलं, ‘हो सर.’

"तेवढंच न्हाई," दस्तगीर म्हणाला. "हे वजन बघा. घरातनं निघताना मागं छत्तीस किलो. शाळेमागं चार मिनिटं थांबा. तिथनं निघताना चाळीस. रोज. एक दिवस खाडा न्हाई. अण्णा, हबला खोटं बोलता येत न्हाई हो. बिचाऱ्याला तोल सांभाळायचा असतो, त्याला खरं वजन लागतं."

चार लिटर पाणी. रोज. आणि गावात बोंब काय, तर मगदूम तोटीवर जातात! कुणीही दुसरा असता तर ते आकडे घेऊन नाचत चौकात गेला असता. अण्णा मात्र तारखा वाचत राहिले. चौदा महिन्यांतले पहिले सहा महिने ते स्वतः नोकरीत होते. संस्थेचं नवं मशिन उद्घाटनाच्या हारासकट बंद पडलेलं, त्यामुळं दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर अण्णांच्याच हातात. विश्वासरावांच्या दुधात तो सोडला की अठ्ठावीसच्या रेघेशी डुलत राहायचा. अठ्ठावीस म्हणजे पास, सत्तावीस म्हणजे परत. रोज अण्णा डोळे बारीक करून बघायचे. सत्तावीस म्हणावं तर विश्वासराव रागावतील, अठ्ठावीस म्हणावं तर... मागं रांग वाढायची. मग अण्णा अठ्ठावीस लिहायचे. सहाच महिने नव्हे, त्याआधीही कित्येक वर्षं.

मगदुमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. त्या संध्याकाळी उन्हाची तिरीप चुलीपर्यंत आलेली असताना, ताटावर बसून अण्णांनी सगळं सांगितलं. हब, चोरी, तोटी, अठ्ठावीस.

पद्मावैनींचा भाकरी थापता हात थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता."

"किती वर्षं?"

"ते नक्की..."

"भूपाल." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी नाव घेतलं होतं.

"अकरा," अण्णा म्हणाले.

"मी दारोदार चोख दूध म्हणत हिंडते, आणि पाण्याला अठ्ठावीसचा शिक्का माझ्याच घरातनं!" भाकरी तव्यावर करपायला लागली. ती त्यांनी तशीच करपू दिली. "हे बोललात तर घोरपडे बुडतील. पण मीपण बुडेन. गप्प बसलात तर ती तोटी माझ्या गळ्यात राहील."

"मग काय करू?"

"उद्या संस्थेची सभा आहे. सगळे सभासद येतील," पद्मावैनी म्हणाल्या. "काय करायचं ते मी सांगणार नाही."

"अगं, पण..."

"मी ह्या घरातलं सगळं ठरवलं. तुमचा सदरा, तुमचं लग्न, तुमची भाजी. हे नाही ठरवणार." आणि त्यांनी करपलेली भाकरी अण्णांच्या ताटात वाढली.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. विश्वासरावांनी शोभाताईंच्या वतीनं पाऊण तास भाषण केलं. पाणीदार नेतृत्व, तोटीवरचे साधुसंत, असे टोमणे झाले. लोक हसले. शेवटी त्यांनी विचारलं, "आहे का कुणाला काही बोलायचं?"

भूपालअण्णा हबची सायकल हातात धरून मागून चालत आले. दस्तगीरनं सांगितलं होतं, हात गच्च धरा, मग तो आडवा येत नाही. अण्णांनी हँडल असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. सायकल घोरपड्यांच्या खुर्च्यांकडं किंचितही वळली नाही. सरळ व्यासपीठापाशी आली.

"हा हब मी ऑनलाइन विकत घेतला," अण्णा म्हणाले. "विचारपूस न करता. म्हणजे विचारपूस केली, पण गाढवासारखी. तो चोरीचा निघाला."

विश्वासराव खुर्चीवरून उडालेच. "नंबर वाचा! नंबर वाचा!"

अण्णांनी वाचला. विश्वासरावांनी खिशातून तक्रारीचा कागद काढून फडकवला. "ऐका मंडळी! हा माझाच! माझ्याच सायकलचा! चौदा महिने मी स्वतः वापरलाय, दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही त्याला! एकाच हातातला!"

"नक्की ना?" अण्णांनी विचारलं.

"शंभर टक्के! पोलिसांत लिहून दिलंय!"

"बरं," अण्णा म्हणाले आणि दस्तगीरनं छापून दिलेले कागद त्यांनी वाचायला सुरुवात केली. तारीख, घर, छत्तीस. शाळेमागची तोटी, चार मिनिटं. चाळीस. तारीख, घर, छत्तीस. तोटी. चाळीस. दहाव्या तारखेला हशा थांबला. विसाव्या तारखेला शोभाताई नवऱ्यापासून दोन खुर्च्या लांब सरकल्या. विश्वासराव "तो हब माझा नसेलही..." असं पुटपुटले, पण तक्रारीचा कागद अजून त्यांच्या हातात होता.

"आणि हे दूध पास कुणी केलं, तेपण ऐका," अण्णा म्हणाले. "मी केलं. अकरा वर्षं. मला सत्तावीस दिसायचं आणि मी अठ्ठावीस लिहायचो. पद्माला काल कळलं. तिला मत द्यायचं का नाही ते तुम्ही बघा. मी देणार आहे."

सभेत जो गोंधळ झाला त्यात दोन माईक आणि एक खुर्ची मोडली.

मतदानात पद्मावैनी निवडून आल्या, त्या अवघ्या सात मतांनी. चाळीस बायकांपैकी अकरा जणींनी त्यांना मत दिलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं.

हब मुद्देमाल म्हणून जप्त झाला. तो न्यायला आलेले हवालदार चिखलीकर सायकल ढकलत कशाला न्या म्हणून तिच्यावर बसले. वार बुधवार होता. चौकीवर ते तीन तास उशिरा पोचले, आणि पंचनाम्याच्या कागदावर रश्श्याचा डाग होता असं म्हणतात. दरम्यान अण्णांच्या मोबाइलवर विक्रेत्याचा निरोप आला, ‘आमच्या सेवेला किती गुण द्याल?’ अण्णांनी एका सेकंदात शून्य दाबलं. पलीकडून उत्तर आलं, ‘हो सर.’

नव्या अध्यक्षांची पहिली सभा पुढच्या सोमवारी भरली. पद्मावैनी मधल्या खुर्चीवर बसल्या. चष्मा लावला, सगळ्या सभासदांकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं नाही, आणि पहिला ठराव वाचला :

"माजी टेस्टर भूपाल मगदूम यांनी अकरा वर्षं पाण्याचं दूध पास करून सभासदांचं नुकसान केलं. सबब त्यांनी पुढचं एक वर्ष रोज पहाटे विनामोबदला संस्थेत उभं राहून दूध तपासावं, आणि आलेला आकडा रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगावा. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

अध्यक्षीणबाईच्या नवऱ्याविरुद्ध हात कसा वर करायचा, म्हणून लोक एकमेकांकडं बघायला लागले. चांगले चांगले धीट गडी मान खाजवत बसले. शेवटच्या रांगेत एक हात मात्र ठराव वाचून पुरा व्हायच्या आतच वर गेला होता.

तो भूपालअण्णांचा होता.